इंदूरहून सातपुड्यात तंबू घेऊन: दिवाळीनंतरचे पाच दिवस, चार रात्री

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या घरी माळ्यावरून तंबू खाली येतो. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि जमलं तर माझी आई, असे आम्ही साध्या हॅचबॅकमध्ये इंदूरहून निघतो आणि सातपुडा नॅशनल पार्कच्या कडेकडेनं फिरत पचमढीपर्यंत जाऊन येतो. ऑफिसातले, बिल्डिंगमधले लोक दरवर्षी विचारतात की कसं करता, काय नेता, लहान मुलीला घेऊन भीती नाही वाटत का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. प्लॅन करताना बहुतेक जण पॉइंट्सची यादी करतात, बी फॉल, धूपगड, जटाशंकर, सफारी, आणि मग राहायला कुठंतरी मिळेलच असं म्हणतात. कॅम्पिंगच्या ट्रिपमध्ये हे उलट करा. आधी रात्री ठरवा. कुठल्या रात्री तंबू कुठे लागणार, तिथे उजेडात पोचणार का, पाणी आहे का, परवानगी आहे का, हे पक्कं झालं की दिवस आपोआप बसतात. नोव्हेंबरच्या मध्यात इथे साडेपाचलाच सूर्य मावळतो, सहाला काळोख, आणि अंधारात घाट चढून अनोळखी जागी तंबू ठोकणं यासारखी चूक नाही.

कधी निघायचं

पार्कचा कोअर म्हणजे आतला मुख्य भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा दिसायला फार सुंदर, सगळं हिरवंगार, धबधबे भरून, पण परतीचा पाऊस केव्हा गाठेल सांगता येत नाही. एका वर्षी आम्ही कोजागिरीला गेलो होतो, चांदण्यात मसाला दूध उकळायचं म्हणून केशर वेलदोडे सगळं बरोबर, आणि रात्री नऊला असा पाऊस आला की तंबूच्या खालून पाणी वाहायला लागलं, मुलीला उचलून गाडीत झोपवलं आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत बसून राहिलो. जागा खोलगट होती, ती चूक माझी, त्याबद्दल पुढे लिहितोच.

दसऱ्यापासून दिवाळीनंतरच्या आठवड्यापर्यंत पचमढीला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून माझं मत पक्कं आहे, नोव्हेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा, तोही सोमवार ते शुक्रवार. पाऊस गेलेला, आभाळ धुतल्यासारखं, धबधब्यांना अजून पाणी, गवत सोनेरी व्हायला लागलेलं. फोटोंमध्ये परदेशातली लाल-केशरी झाडं बघून कोणी जाणार असेल तर सांगून ठेवतो, आपल्याकडे शरदात तसं होत नाही, सागाची पानं पिवळी पडून गळायला अजून वेळ असतो. इथला शरद गवतात, आभाळात आणि सकाळच्या दहिवरात बघायचा. खाली मढईला, जिथून पार्कची सफारी निघते, रात्री बऱ्यापैकी गारवा असतो, वर पचमढीला पारा १०-१२ पर्यंत उतरतो.

तंबू कुठे लावता येतो, कुठे नाही

हे नीट वाचा, कारण इथेच लोक फसतात. नॅशनल पार्कच्या आत गाडी थांबवून आपल्या मनानं तंबू ठोकता येत नाही, तो गुन्हा आहे आणि जीवाला धोकाही आहे. पचमढी गावाचा बराच भाग छावणीचा म्हणजे लष्कराचा आहे, उरलेलं बरंचसं जंगलखात्याचं, त्यामुळे तिथलं मोकळं दिसणारं मैदान मोकळं नसतं. राहतात दोनच सरळ मार्ग: बफर म्हणजे पार्कच्या भोवतीच्या भागातल्या गावांमधले होमस्टे, जे अंगणात किंवा शेतात तंबू लावू देतात, किंवा कॅम्पिंगची सोय असलेली रिसॉर्टं.

मला होमस्टेचं अंगण जास्त आवडतं. या पट्ट्यात कोरकू आणि गोंड आदिवासींच्या वस्त्या आहेत, आणि जंगलाबद्दल तिथल्या माणसांना जे कळतं ते कुठल्याच ॲपवर नाही. फोनवर बोलताना चार गोष्टी स्पष्ट विचारा: आमचा स्वतःचा तंबू लावू द्याल का, रात्री संडास-बाथरूम वापरता येईल का, गाडी तंबूच्या शेजारी राहील का, आणि पाऊस आला तर एक खोली मिळेल का. चौथ्या प्रश्नाला हो असेल तरच आईला घेऊन जा. एकदा एका ठिकाणी फोनवर सगळ्याला हो म्हटलं आणि पोचल्यावर गाडी अर्धा किलोमीटर लांब लावायला लावली, सगळं सामान डोक्यावरून. तेव्हापासून मी जागेचा आणि गाडी लावायच्या जागेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो.

सफारीचं बुकिंग एमपी ऑनलाईनच्या साइटवर होतं. बुकिंगला जे ओळखपत्र टाकलं तेच ओरिजिनल बरोबर पाहिजे, गेटवर दुसरं चालत नाही. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, त्यामुळे तो दिवस प्रवासाला ठेवा. पचमढीत धूपगड, बी फॉल वगैरे पार्कच्या हद्दीतल्या पॉइंट्ससाठी बायसन लॉजवरून परमिट घ्यावं लागतं आणि तिथली रजिस्टर्ड जिप्सी करावी लागते, आपली गाडी खाली लावून ठेवायची. ही बायसन लॉज १८६२ मधली, इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्सिथनं बांधलेली, आता तिथे म्युझियम आहे, परमिटच्या रांगेत एक जण उभा राहिला की बाकीच्यांनी ते बघून घ्यावं.

सामान

तंबू चार माणसांचा घ्या, तीन जण असलात तरी. वरचं कव्हर वेगळं असलेला, म्हणजे डबल लेयरचा. एकेरी कापडाचे स्वस्त तंबू शरदात कामाचे नाहीत, कारण रात्री श्वासाची वाफ कापडाला आतून धरते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात, लोकांना वाटतं तंबू गळतो. वरची खिडकी थोडी उघडी ठेवली तर हे बरंच कमी होतं, थंडी वाजली तरी उघडीच ठेवा.

तंबूखाली अंथरायला तिरपाल, इंदूरच्या सियागंज बाजारात मीटरवर मिळतं. मात्र ते तंबूपेक्षा बोटभर लहानच कापा, कडा बाहेर राहिल्या तर वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

झोपायचं म्हणाल तर स्लीपिंग बॅगवर पैसे घालायच्या आधी खालच्या मॅटवर घाला. थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते. जाड फोमच्या मॅटा, त्यावर घरातली सतरंजी, वर रजई, एवढं पचमढीच्या नोव्हेंबरला पुरतं. आईसाठी आम्ही आजीनं शिवलेली गोधडी नेतो, आणि खरं सांगतो, महागातल्या स्लीपिंग बॅगेत झोपलेलो आम्ही रात्री कुडकुडलो तेव्हा आई शांत झोपलेली होती.

बाकी पटकन सांगतो. प्रत्येकाला एक हेडलॅम्प, इंदूरच्या जेल रोडला बरे मिळतात, हातातला टॉर्च नको कारण तंबू बांधताना दोन्ही हात लागतात. एक छोटी हातोडी, जास्तीच्या लोखंडी खुंट्या कारण तंबूबरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पचमढीच्या खडकाळ जमिनीत वाकतात, दहा-बारा मीटर दोरी, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, कचऱ्यासाठी जाड पिशव्या. इंदूरकरांना ओला-सुका वेगळा ठेवायची सवय आहेच, ती तिकडेही चालू ठेवा आणि सुका कचरा परत आणा. औषधांत नेहमीची औषधं, ओआरएस, बँडेज, घाटात उलटीची गोळी. कपडे मातकट किंवा हिरवट, पांढरे-लाल नकोत. आणि परफ्यूम घरीच, का ते पचमढीच्या भागात लिहितो.

गाडी

आमची साधी पेट्रोल हॅचबॅक पाच-सहा वेळा जाऊन आली आहे, त्यासाठी एसयूव्ही लागत नाही. निघायच्या आठवडाभर आधी ब्रेक पॅड, कूलंट, टायर आणि स्टेपनीची हवा बघून घ्या, स्टेपनीची हवा कोणीच बघत नाही. जड सामान डिकीत तळाला, तंबू सगळ्यात वर, कारण पोचल्यावर पहिला तोच लागतो. ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, घाटाच्या पायथ्याच्या मटकुलीच्या पुढे नेटवर्क येतं-जातं. पेट्रोल पिपरियाला फुल करून घ्या.

पहिला दिवस: इंदूर ते मढई, साधारण ३३५ किलोमीटर

पहाटे पाचला निघा. देवास, आष्टा, सीहोर करत भोपाळ बायपास, तिथपर्यंत रस्ता चौपदरी आहे, साडेतीन तास धरा. पोहे घरूनच डब्यात आणि वर बारीक शेव वेगळ्या पुडीत, तेवढाच अर्धा तास वाचतो.

भोपाळ सोडून ओबेदुल्लागंजच्या पुढे गेलात की भीमबेटका लागतं, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांचे खडक, आणि इथे मी तुम्हाला थांबायला लावणार आहे. आपल्या उज्जैनच्या पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली ट्रेनमधून जाताना हे खडक बघितले आणि ते उतरून शोधत गेले, म्हणून आज जगाला ते माहीत आहेत. २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. माळव्यातल्या मराठी मुलांना तरी हे माहीत असलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दीड तास पुरतो. मुलांना चित्रांमधले प्राणी मोजायला सांगा, गवा, हरीण, हत्ती, आणि मग तेच प्राणी दुसऱ्या दिवशी सफारीत शोधायला सांगा, आमच्या मुलीला हत्ती सोडून बहुतेक सापडले.

पुढे नर्मदापुरमपर्यंत रातापानीचं जंगल आणि घाट. हा भाग दिवसाच पार करा आणि गाडी दमानं चालवा, रात्री रस्त्यावर जनावर येतं. नर्मदापुरमला, म्हणजे जुन्या होशंगाबादला, सेठानी घाटावर पाय धुऊन घ्या, डबे संपवा, आणि पुढे माखननगर, सोहागपूर. सोहागपूरहून मढई वीसेक किलोमीटर. भाजी, दूध, बर्फ जे घ्यायचं ते सोहागपूरला घ्या. चारच्या आत मुक्कामाला पोचायचं, हे घड्याळ लावून पाळा.

तंबू ठोकणं

जागेवर पोचलं की लगेच सामान काढू नका. दहा मिनिटं नुसते फिरा. वर बघा, वाळलेली फांदी किंवा आग्या मोहोळ आहे का. खाली बघा, मुंग्यांची रांग, बिळं, जनावरांची पायवाट, ताजं शेण आहे का. मग पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल याचा विचार करा, पायानं माती दाबून बघा, आजूबाजूच्यापेक्षा वीतभर उंच जागा निवडा. ज्या जागी वाळलेली पानं आणि काटक्या ओळीत साचलेल्या दिसतात तिथून पावसाचं पाणी गेलेलं असतं, कोजागिरीच्या त्या रात्री मी हेच बघितलं नव्हतं.

मढईच्या देनवा नदीच्या काठाला अगदी पाण्याजवळ तंबू नको म्हणजे नकोच. तवा धरणाचं पाणी मागे इथपर्यंत पसरलेलं असतं आणि त्यात मगरी आहेत. मुलांना एकटं पाण्याकडे सोडू नका, भांडीही काठावर घासू नका, पाणी बादलीत भरून वर आणा.

दार पूर्वेकडे ठेवा, सकाळचं ऊन थेट आत येतं आणि दहिवरानं ओला झालेला तंबू लवकर वाळतो. खुंट्या तिरप्या मारा, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला. तंबूच्या दोऱ्यांना पांढरी पट्टी किंवा जुन्या ओढणीचे तुकडे बांधा, रात्री अडखळून पडण्याचे प्रकार याच दोऱ्यांमुळे होतात. चेन कायम बंद, आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी. बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचू असतो. आणि साप चावलाच तर दोरीनं आवळून बांधणं, ब्लेड मारणं काही करायचं नाही, माणसाला हलवायचं कमी, १०८ ला फोन करायचा आणि होमस्टेवाल्यांना उठवून थेट हॉस्पिटल.

चूल आणि जेवण

स्वयंपाक तंबूपासून पंधरा-वीस पावलं लांब, आणि वारा तंबूकडून चुलीकडे जाईल अशा बाजूला. पेटवायला होमस्टेवाल्यांची परवानगी घ्या, बऱ्याच जागी लाकूड जाळायला मनाई असते आणि जंगलातून फाटी गोळा करणं तर कुठेच चालत नाही. आम्ही छोटी गॅस शेगडी नेतो.

पहिल्या रात्री मुगाची खिचडी, घरून मसाला एकत्र करून आणलेला, फक्त पाणी घालायचं. दुसऱ्या रात्री वांगं भाजून भरीत आणि होमस्टेच्या बाईंकडून मक्याच्या भाकऱ्या, त्या भाकरीची चव मला वर्षभर आठवते. दिवाळीचा उरलेला चिवडा, शंकरपाळे, चकल्या हे या ट्रिपचं सगळ्यात उत्तम कोरडं खाणं आहे, टिकतं, पोट भरतं, गरम करावं लागत नाही.

खाण्याचं काहीही तंबूत ठेवायचं नाही. बिस्किटाचा पुडा नाही, मुलाच्या खिशातलं चॉकलेट नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. सगळं डब्यात आणि डबा गाडीच्या डिकीत. इथे अस्वलं आहेत, रानडुकरं आहेत, वानरं तर सकाळी सहालाच हजर असतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, थंडी कितीही असो, निखाऱ्याची सिगडी किंवा गॅस तंबूच्या आत न्यायचा नाही. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतून उठत नाही. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी रजईत पायाशी ठेवा, पहाटेपर्यंत पुरते.

मढईतला दिवस

सकाळची सफारी घ्या. मढईला आधी बोटीनं देनवा पार करायची आणि पलीकडे जिप्सी मिळते, ती पाच-दहा मिनिटांची बोटच इतकी छान असते, धुकं पाण्यावर तरंगत असतं आणि बोलावंसं वाटत नाही. स्वेटर, कानटोपी, वर जॅकेट, उघड्या जिप्सीत वारा फार लागतो.

वाघाचा हट्ट धरून जाऊ नका. कान्हा-बांधवगडसारखा तो इथे सहज दिसत नाही, पण अस्वल, गवा, रानकुत्री आणि बिबट्यासाठी सातपुड्यासारखी जागा नाही. शेकरू बघायचं असेल तर मान वर ठेवा, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आमच्या मुलीनं पहिल्यांदा मध्य प्रदेशात बघितला. सातपुड्यात पायी सफारी आणि कनूची, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीची सफारीही होते. पायी सफारी मोठ्यांनी जरूर करावी, जिप्सीत बसून जंगल दिसतं, चालताना ते ऐकू येतं. दक्षिणेकडचं बोरीचं जंगल तर १८६५ मध्ये राखीव केलेलं, देशातलं सगळ्यात जुनं राखीव वन, हे गाइडला विचारा, बरोबरच्या माणसांना नीट सांगतात.

दुपारी झोपा. खरंच झोपा. तिसऱ्या दिवशी घाट आहे.

घाट आणि पचमढी

मढईहून परत सोहागपूर, पिपरिया, मटकुली आणि मग घाट. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर, पण तीन तास धरा. घाटाचा साधा नियम, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलवर गाडी सोडू नका, ब्रेक तापून लागेनासे होतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, वळणावर हॉर्न. वाटेत वानरांना काही देऊ नका, खिडकीच्या काचा वर.

चढताना झाडं बदलताना बघा. खाली सागवान, वर पठारावर साल. साग आणि साल इतक्या जवळजवळ भेटण्याच्या जागा फार नाहीत.

पचमढीत दोन रात्री, पोचायच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठून तंबू लावून मगच फिरायला. धूपगडला संध्याकाळी जा, १३५० मीटर, सातपुड्याचं आणि अख्ख्या मध्य प्रदेशाचं सगळ्यात उंच टोक. सूर्य बुडाला की दहा मिनिटांत थंडी पडते, जॅकेट जिप्सीत विसरू नका. बी फॉल सकाळी आठ-नऊला, दहानंतर गर्दी. पायऱ्या बऱ्याच आहेत, आई वरच थांबते. शेवाळावर चप्पल घसरते, मागे पट्टा असलेली सँडल घाला.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. म्हणून परफ्यूम नको म्हटलं, धूर नको, आरडाओरडा आणि दगड मारणं तर अजिबात नको.

चौरागडला जायचं असेल तर अर्धा दिवस वेगळा काढा, हजाराच्या वर पायऱ्या आहेत, वर भाविकांनी वाहिलेल्या त्रिशूळांचा ढीगच्या ढीग. इथे मराठी ऐकू आली तर नवल वाटून घेऊ नका, नागपंचमीच्या नागद्वारी यात्रेला विदर्भातून लाखोंनी लोक येतात, दुकानदारांना मराठी छान समजते. आईची महादेवापाशी अमरावतीच्या एका आजींशी तासभर गप्पा झाल्या होत्या, तेवढ्यात आमचा एक पॉइंट राहिला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

परतीचा रस्ता

चौथ्या रात्रीनंतर सकाळी घाई करू नका, तंबूवरचं दहिवर वाळू द्या, नऊला निघा. वेळ आणि अंगात जोर असेल तर भोपाळवरून न येता नर्मदापुरम, सिवनी मालवा, हरदा, हंडिया असं या. हंडियाहून पूल ओलांडला की नेमावर. या जागेला नर्मदेची नाभी मानतात, काठावर सिद्धनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे, दुपारच्या उन्हात कोणी नसतं. तिथून कन्नोदमार्गे इंदूर. अंधार पडण्याआधी बायपासला लागाल असं बघा, नसेल जमत तर भोपाळचाच रस्ता बरा.

घरी पोचल्यावर कितीही दमलेले असलात तरी एक काम दुसऱ्या दिवसावर ढकला, दुसरं नाही. कपडे उद्या धुता येतील. तंबू मात्र त्याच रात्री पिशवीतून काढून गच्चीत दोरीवर टाका, दुसऱ्या दिवशी पूर्ण ऊन लागू द्या, शिवणींमध्ये बोट फिरवून ओल राहिली नाही ना बघा, खुंट्यांची माती पुसा, किती उरल्या त्या मोजा आणि कमी असतील तेवढ्या लगेच आणून पिशवीत टाका.